तिच्या पायात चपला होत्या

तुमच्या घरात आजवर जे कोणी भाजलं, घसरलं, करंट लागून फेकलं गेलं, त्याला उचलण्याआधी तुम्ही काय विचारलं होतं? ‘लागलं का?’ की ‘ध्यान कुठं होतं तुझं?’

खरं सांगा. मीही आज खरंच सांगायला बसलोय. परवापर्यंत ही गोष्ट जगात एकट्या मला ठाऊक होती. आईला नाही, दादाला नाही, ज्यांच्यासोबत रात्ररात्र जागून घोषणा लिहिल्या त्या मित्रांना नाही. आता तुम्हाला सांगतोय, आणि सांगताना राग येतोय. तुमचा थोडा. स्वतःचा फार.

मी नेरचा. आमचं घर पत्रकांचं. बाबा सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून गावोगाव पत्रकं वाटत हिंडायचे. वाटून उरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. ‘आंबा’ वाचता यायच्या आधी मला ‘अन्याय’ वाचता यायचा. बाबा गेले, सवय मागे राहिली. कॉलेजात गेल्यापासून मीच लिहू लागलो. रस्त्यावर, शाळेवर, पाण्यावर. कुणी तरी चुकलेलं आहे आणि मी त्याला पकडलेलं आहे — या भावनेची नशा असते. तुम्ही कधी चाखली आहे का? मी रोज चाखायचो.

ज्या उन्हाळ्याबद्दल सांगतोय, त्याला आता काही वर्षं झाली. हंगाम संपता संपता आमच्या भागातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये एका बाईचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. त्या पट्ट्यावर आधी लोखंडी जाळी होती. सरकी अडकली की जाळी काढायला वेळ लागतो म्हणून मालकानं ती कायमची काढून ठेवलेली. हात गेल्यावर तोच मालक म्हणाला, बाईचं लक्ष नव्हतं. मी पेटलो. पत्रक लिहिलं. त्यातलं एक वाक्य लोकांना इतकं आवडलं की पुढे मुलांनी ते भिंतींवर रंगवलं — ‘अपघात आपोआप होत नाही, कुणीतरी आधी काहीतरी काढून टाकलेलं असतं.’

हे वाक्य मी लिहिलं. मीच. आणि ज्या दुपारी ते छापत होतो, त्याच दुपारी —

थांबा. आधी वहिनीबद्दल सांगतो. नाहीतर तुम्हीही तिला तशीच समजाल, जशी सगळे समजले.

रंजनावहिनी पांढरकवड्याकडची. दादा वणीला कोळशाच्या ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी. घरात आई, वहिनी, तिची लहानगी चिमी आणि मी. वहिनी शिलाई करायची. ब्लाउज तिच्याच हातचा हवा म्हणून चार गल्ल्या सोडून बाया यायच्या. कात्री अशी चालवायची की कापडाला कळू नये. आणि सावध तर इतकी की आई तिला चिडवायची, “हे पोरगी ना, सावलीलेही आधी काडीनं हालवून पाहीन, मंग पाय टाकीन.”

मे महिन्यात आमच्याकडे कूलरशिवाय जीव राहत नाही. आमचा कूलर जुना, पत्र्याचा, समोरच्या खिडकीत लोखंडी स्टँडवर बसवलेला. रोज दुपारी त्यात पाणी भरायचं काम वहिनीचं. तुमच्या घरी कुणाचं आहे? बघा एकदा. पाणी भरणारी, ओल्या फरशीवरून ये-जा करणारी, उकळतं भांडं उतरवणारी, स्टुलावर चढून माळा झाडणारी कोण आहे ते बघा. मग कळेल घरातले अपघात कुणाला होतात. रस्त्यावर दोन ट्रक भिडले तर पेपरात येतं. न्हाणीत म्हातारी घसरली, रांगतं पोर बादलीत डोकावलं, बाईच्या पदरानं पेट घेतला, तर त्याला आपण नशीब म्हणतो. किंवा हलगर्जीपणा. आणि हलगर्जी कोण? जी पडली ती. नेहमी तीच.

वहिनीची पाणी भरायची रीत ठरलेली होती. आधी खिडकीशेजारचं बटन बंद करायची. मग चपला घालायची. हात पदराला पुसायची. मग पंजाची उलटी बाजू पत्र्याला हळूच लावून पाहायची. आणि भरून झालं की तांब्याभर पाणी मागच्या दारी अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायची. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग नीट धरत नाही, म्हणून तिच्या माहेरी तशी पद्धत होती. मी हसायचो. म्हणायचो, “वहिनी, खड्ड्यात झाड लावलं का?” ती म्हणायची, “हसा भाऊजी. फुकटाचं पाणी हाय, जीव नाही.”

त्या दिवशी मी काय केलं?

मला प्रिंटर लावायचा होता. मित्राकडून मागून आणलेला. घरात तीन भोकांचं, अर्थिंगवालं सॉकेट एकच — खिडकीशेजारचं, कूलरचं. मी कूलरचा प्लग तिथून काढला आणि त्या जागी प्रिंटर लावला. पण कूलरही हवा होता, घामानं कागद भिजत होते. घरात एक जुनी एक्स्टेंशन पट्टी होती, दोन भोकांची, बिनबटनाची. कूलरचा प्लग तीन पिनांचा. तिसरी जाड पिन आत जाईना. मी पक्कड घेतली आणि ती पिन मोडून टाकली.

एवढंच. पाणी प्यायला जितका वेळ लागतो तितका. घरोघरी करतात, तुम्हीही केलं असेल. प्लग बसला, कूलर चालू झाला, गार वारा लागला आणि मी परत ‘काढून टाकलेलं असतं’ या वाक्यावर आलो. मला काही जाणवलं का? नाही. मी वहिनीला सांगितलं का, की आज कूलर दुसरीकडे लावलाय? तेही नाही. ती मागे मशीनवर बसली होती. उठून दोन शब्द बोलायचे होते. पण मी महत्त्वाचं काम करत होतो ना!

दुपारी लाइन गेली. पंखा थांबला, कूलर थांबला, प्रिंटर अर्धा कागद तोंडात धरून थांबला. लाइन नाही तोवर पाणी भरून घेऊ म्हणून वहिनी आली. लाइन नसतानाही तिनं खिडकीजवळचं बटन बंद केलं. नेहमीसारखं. ते आता प्रिंटरचं बटन होतं. चपला घातल्या. हात पुसले. उलटा पंजा पत्र्याला लावला. सगळं ठीक, कारण लाइनच नव्हती. बादल्या ओतून झाल्या. कूलरच्या बाजूच्या ताटीतलं गवत सरकलं होतं ते नीट करायला ती स्टँडवर जरा चढली, डाव्या हातानं खिडकीचा गज धरला आणि उजवा कूलरवर ठेवला.

आणि लाइन आली.

कूलरच्या पंपाची वायर आत सोललेली होती. पिन असती तर तो करंट तारेतून सरळ जमिनीत गेला असता, वहिनीनं ज्या खड्ड्यात रोज पाणी घातलं त्या खड्ड्यात. पिन नव्हती. तो पत्र्यात आला, पत्र्यातून तिच्या उजव्या हातात आणि डाव्या हातातून गजात.

मी त्याच खोलीत होतो. लाइन आली तसा पंखा फिरला आणि मी प्रिंटरकडे वळलो. तो चालू होईना. मी बडबडलो, “आता याले काय झालं?” केबल हलवून पाहिली. मागून एक आवाज येत होता — ओरडणं नव्हे, दात घट्ट मिटून घशातून येणारा — आणि मी प्रिंटर पाहत होतो. किती वेळ? मोजू शकत नाही. मग वळलो. तिचं तोंड माझ्याकडे होतं.

मी एक्स्टेंशनमधून प्लग उपटला. ती खाली पडली, स्टँडवर खांदा आपटला. आणि माझ्या हातात तो प्लग होता. दोन पिनांचा. तिसरीच्या जागी मोडका पांढरा डाग. त्याच क्षणी मला सगळं कळलं. म्हणून मी पुढे जे केलं ते घाबरून, गोंधळून केलं असं कुणी म्हणू नका. मीही म्हणणार नाही.

गल्ली जमली. ऑटो आला. आई आणि शेजारच्या काकू तिला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात गेल्या. मी म्हणालो, दादाला फोन करतो, घर बंद करून मागून येतो. आई दुपारपासून चिमीला घेऊन काकूंकडेच होती; चिमी तिथंच झोपलेली.

घरात मी एकटा. हत्यारांच्या पेटीत एक नवा प्लग होता, तीन पिनांचा. मी तो लावला. इतकं सोपं होतं ते! सकाळी कूलर त्याच्याच सॉकेटला राहू दिला असता, तर काहीच झालं नसतं. कूलर परत त्याच्या जागच्या सॉकेटला जोडला, बटन चालू करून ठेवलं. प्रिंटर आणि एक्स्टेंशन पलंगाखाली सरकवली. मोडका प्लग घराबाहेरच्या नालीत टाकला. दाराशी आलो तर फरशीवर तिच्या चपला दिसल्या. एक कूलरजवळ, एक पार भिंतीशी, पायातून उडालेली. निळ्या रबरी.

मी त्या उचलल्या आणि दाराबाहेर, जिथे सगळ्यांच्या चपला असतात, तिथे नीट जोडीनं लावून ठेवल्या.

प्लग बदलणं हे स्वतःला वाचवणं होतं, म्हणाल तर म्हणा. पण चपला? चपला उचलून मी तिला चुकीचं ठरवलं. हे मला कुणी सुचवलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं अजून.

विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा ट्रकवरून तसाच आलेला, अंगावर कोळशाची भुकटी. म्हणाला, “झालं कसं? थे तर इतकी जपून करते.” मी म्हणालो, बटन चालूच राहिलं होतं, हात ओले होते, पायात चप्पल नव्हती. मी पाहिलं. माझ्याशिवाय पाहणारं कुणी नव्हतंच. माझ्या शब्दाला घरात किंमत होती. मी खरं लिहिणारा मुलगा होतो.

दुसऱ्या दिवशी लाइनमनसोबत काम करणारा एक ओळखीचा वायरमन येऊन गेला. पंप उघडला, प्लग पाहिला, मागचा खड्डा पाहिला. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “अर्थिंग तर बरोबर हाय. खड्डाही ओला. असं व्हायले नाही पाह्यजे होतं.” मग आईच म्हणाली, “बिनचपलीची होती, बापू.” तो म्हणाला, “मंग काय बोलता!” आणि हत्यारं पिशवीत भरली. आईला ते मी शिकवलं होतं.

बाया भेटायला यायच्या. “ओल्या हातानं कायले गेली वं?” “मोबाइलात ध्यान असन.” “एवढी शहाणी म्हणत होते, न् चप्पलही घालता नाही आली!” वहिनी पलंगावर पडून ऐकायची. उजवा पंजा भाजलेला, खांदा बांधलेला. सुरुवातीला एकदा-दोनदा म्हणाली, “मी तं घातली होती वाटते.” आई म्हणाली, “चपला दारात होत्या, माय. म्या सोताच पाह्यल्या.” मग तिनं तेही बोलणं सोडलं.

हात बरा झाला म्हणतात तसा झाला. पण दोन बोटं वळलेली राहिली. कात्री धरवत नाही. मशीनवर कापड टाकून ठेवलंय. इथवर जे झालं ते माझ्या पकडीनं झालं. इथून पुढे मी जे केलं, ते मात्र माझ्या लेखणीनं.

पुढच्या उन्हाळ्यात मी एक मोहीम काढली. होय, मीच. ‘कूलर आणि आपण’. वस्तीवस्तीत सभा, विहारात, बचत गटांच्या बैठकांत. पत्रक लिहिलं — ओल्या हातांनी कूलरला हात लावू नका, चप्पल घाला, बटन बंद करा. सगळे नियम बाईला. प्लगबद्दल एक ओळ नाही. का, ते तुम्हाला आता कळलं असेल. पत्रकाच्या वर मोठ्या अक्षरांत मथळा होता: ‘एका बहिणीची चूक’. आणि खाली वहिनीची कहाणी, तिच्याच तोंडून सांगितल्यासारखी.

एवढ्यावर थांबलो का? मी तिला सोबत घेऊन जायचो. ती उभी राहायची, पदराआड लपवलेला हात बाहेर काढायची आणि बायांना दाखवायची. “मायाय हो, माही चूक झाली. मी बहुतेक बिनचपलीची गेलती.” पहिल्या सभेनंतर मी तिला म्हणालो, वहिनी, तेवढं ‘बहुतेक’ काढून टाका. ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहते. तिनं मान हलवली. पुढच्या सभेत काढलं.

एवढा एक शब्द तिच्याजवळ उरला होता. माझ्याविरुद्धची जगातली शेवटची साक्ष. तोही मी काढून घेतला, आणि वर भाषा सुधारल्याचं समाधान मानलं! जिनिंगच्या मालकानं तरी त्या बाईला गावोगाव उभं करून तिच्याकडून ‘माझं लक्ष नव्हतं’ असं वदवून घेतलं नव्हतं. मी त्याच्याहून वाईट आहे. हे वाक्य मी फार उशिरा लिहितोय.

तुम्ही म्हणाल, आज का? कारण यंदा आमच्या वस्तीच्या अंगणवाडीत मदतनीस घेणार होते. वहिनी दहावी झालेली, पोरांची हौस, वळलेल्या बोटांनी होण्यासारखं काम. सगळे म्हणाले, अर्ज कर. ती नाही म्हणाली. दादा चिडला, “काहून नाही?” ती चिमीच्या वेण्या आईकडून घालून घेत होती. स्वतः गरम पाणीही ती लेकीच्या अंगावर ओतत नाही आता, आईला हाक मारते. खाली पाहत म्हणाली, “तिथं लहान लहान लेकरं असतात. माह्या भरवशावर कोणी लेकरू सोडू नये.”

दादाला ते पटलं. तुम्हाला कळतंय का काय झालं होतं? जिला सावलीचा भरवसा नव्हता, तिचा स्वतःवरचाच भरवसा मी संपवला होता. तरी मी त्या दिवशी बोललो नाही. मुदत जाऊ दिली. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मग बोललो, जेव्हा बोलून काही वाचणार नव्हतं.

परवा दुपारी ती भाजी निवडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. पिन, प्लग, बटन, चपला, सगळं. ती रडेल असं वाटलं होतं. खरं तर, रडावी अशी माझी इच्छा होती, म्हणजे मला समजूत घालता आली असती. ती रडली नाही. हातातली मेथीची काडी खाली ठेवली. मग म्हणाली, “चपला होत्या माह्या पायात?”

“होत्या.”

“हात कोरडे होते?”

“पुसले होते तुम्ही. मी पाहिलं.”

“बटन?”

“बंद केलं होतं.”

“मंग मले आठवत होतं थेच खरं होतं.” हे ती मला म्हणत नव्हती. भिंतीकडे पाहत होती. “मले वाटे, करंटानं डोक्सं फिरलं माहं.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं, त्याच हातानं. लग्न होऊन आल्यापासून ती मला भाऊजी म्हणत आली, ‘तुम्ही’ म्हणत आली. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, “गप बस तू. मले एकटीले कोपऱ्यात सांगून मोकळा होऊन राह्यला का? तवा गावासमोर उभी केली होतीस ना मले? लय पत्रकं वाटले तू. आता एक हेही वाट.”

आणि उठून आत गेली. मेथी तशीच राहिली. काल तिनं माझं ताट वाढलं नाही. आज आईनं विचारलं, काय झालं रे दोघायचं? मी म्हटलं, संध्याकाळी दादा येतो आहे, दोघांना सोबतच सांगतो. हा कागद आज छापायला जातोय.

मला तुमच्याकडून काही नको. समजून घ्या असं म्हणत नाही, पोरवय होतं असं म्हणत नाही. पिन मोडली तेव्हा मला कळत नव्हतं, पण चपला उचलल्या तेव्हा कळत होतं, आणि ‘बहुतेक’ काढलं तेव्हा तर पूर्ण कळत होतं.

माझ्यासाठी काही करू नका. पण एक करा. ‘एका बहिणीची चूक’ हे पिवळं पत्रक नेर तालुक्यात घरोघर गेलंय. कित्येक घरांत ते अजून दारामागे, फ्रीजवर, शिलाई मशीनच्या वर चिकटवलेलं आहे, मी पाहिलंय. तुमच्या घरी असेल तर आजच फाडा. आणि एकट्यानं फाडू नका. घरात जी पाणी भरते, स्वयंपाक करते, तिला समोर बोलवा आणि ते का फाडताय, ते तिला नीट, पूर्ण सांगा.